दहा बाय दहाची खोली आणि खरा आवाज

प्रस्तावना

बारामती आणि इंदापूर हे आवाजाने श्रीमंत तालुके आहेत. आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी उंडवडीहून बारामतीला येते. काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण होतं, सणसरच्या मुक्कामानंतर बेलवाडीला गोल रिंगण होतं, आणि निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असे टप्पे घेत पालखी नीरा ओलांडते. तेवढे दिवस पखवाज, टाळ, वीणा आणि हजारो गळे या रस्त्यावर असतात. धनगरवाड्यांवर गजी ढोल घुमतो, सुंबरान मांडलं जातं. जागरण-गोंधळात संबळ कडाडतो. मोरोपंतांनी (१७२९–१७९४) बारामतीतच पुराण सांगितलं आणि आर्या रचल्या. कीर्तनकारांनी त्या पुढे महाराष्ट्रभर नेल्या. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्याच्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली आणि ते संकलन एक लाख ओव्यांच्या पुढे गेलं. त्या ध्वनिमुद्रणांत बाईच्या गळ्याखाली दगडाची घरघर ऐकू येते. ती घरघर गेली, तर ओवी अर्धी उरते.

हे आवाज जपायला आणि लोकांपर्यंत पोचवायला एके काळी मोठ्या शहराची वाट धरावी लागे. आकाशवाणीचं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालं, आणि बारामतीहून पुणं शंभर किलोमीटरवर आहे. पुढे १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं. २००२मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६मध्ये स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रांना सामुदायिक नभोवाणीची दारं उघडली. शंभर वॅटचं प्रक्षेपण, आसपासच्या गावांपुरता पल्ला आणि निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून केलेले, अशी तिची चौकट ठरली. बारामतीत विद्या प्रतिष्ठानची ‘वसुंधरा वाहिनी’ आणि कृषी विज्ञान केंद्राची ‘शारदा कृषी वाहिनी’ या चौकटीत उभ्या राहिल्या. ऊस, डाळिंब, दूध, पाणी यांवर शेतकरी स्वतःच्या बोलीत बोलू लागले. याच काळात संगणक आणि ऑडिओ इंटरफेस स्वस्त झाले. भजनी मंडळाचा अल्बम, लग्नाची गाणी, यूट्यूबवरचं कीर्तन, शाळेचं स्वागतगीत हे सगळं आता तालुक्यातच रेकॉर्ड होतं आणि तालुक्यातच मिक्स होतं.

हे काम जिथे होतं ती खोली बहुधा लहान असते. घरातली एक बेडरूम, बाजारपेठेतला एखादा गाळा, संस्थेने दिलेली एक कोपऱ्यातली जागा. या पुस्तकाचा विषय ती खोली आणि तिच्यात ठेवलेले दोन मॉनिटर स्पीकर एवढाच आहे. विषय लहान दिसतो, पण पुढच्या प्रत्येक निर्णयाचं मूळ त्यात आहे. गायकाचा आवाज किती वर ठेवायचा, पखवाजाचा धुमा किती राखायचा, निवेदकाच्या आवाजातली खरखर काढायची की तिथेच सोडायची, हे मिक्स करणारा माणूस कानाने ठरवतो. कानाला मिळणारी माहितीच वाकडी असेल, तर कुशल माणसाचा निर्णयही वाकडा जातो. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर इथल्या शेतकऱ्याची जशी करडी नजर असते, तशीच मॉनिटरवर आपली असायला हवी. काटा खोटा असेल, तर उसाची जात, खत आणि मेहनत यांचा हिशेब पुढे कुठेच जुळत नाही.

मला या पुस्तकातून एकच गोष्ट ठामपणे सांगायची आहे. लहान खोलीत आपण जे ऐकतो, त्यातला मोठा वाटा खोलीचा असतो, विशेषतः खालच्या सुरांत. म्हणून महागडा स्पीकर घेण्याआधी हातात टेप घ्यावी, खोली मोजावी आणि बसण्याची जागा ठरवावी. यातलं बहुतेक काम पैशाविना होतं.

लहान खोली म्हणजे कमी प्रतीची खोली, असा समज मात्र मनातून काढून टाकावा. मॉनिटरचा इतिहास त्याच्या उलट साक्ष देतो. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७०च्या दशकात एलएस ३/५ए हा छोटा मॉनिटर बनवला, तो बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीतल्या चिंचोळ्या जागेसाठी. माणसाचं बोलणं नैसर्गिक वाटतं का, ही त्यांची मोठी कसोटी होती. फिनलंडच्या सार्वजनिक नभोवाणीला नव्या इमारतीसाठी अँप्लिफायर आतच बसवलेले मॉनिटर हवे होते. त्या गरजेतून १९७८ साली इसाल्मी या छोट्या गावात जेनेलेक ही कंपनी उभी राहिली. त्याच वर्षी यामाहाने घरगुती ऐकण्यासाठी एनएस-१० बाजारात आणला. मिक्सरच्या माथ्यावर जवळ ठेवून ऐकण्यासाठी तो जगभरच्या स्टुडिओंत रुळला आणि २००१पर्यंत बनत राहिला. जवळून, हळू आवाजात, बोलण्यावर भर देऊन ऐकण्याची परंपरा नभोवाणीच्या छोट्या खोल्यांनी घडवली. सामुदायिक नभोवाणीचं काम करणारा बारामतीचा तरुण त्याच परंपरेत बसलेला आहे.

आता खोलीकडे येऊ. आपल्याकडे खोली सांगताना ‘दहा बाय दहा’ असं सहज सांगितलं जातं. स्लॅबची उंचीही बऱ्याचदा दहा फुटांच्या आसपास असते. राहायला ही खोली ठीक आहे, ऐकायला ती सगळ्यांत अवघड आहे, कारण ती घन आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या सुराची अर्धी लांबी नेमकी बसते, तो सूर तिथे घुमतो. ध्वनीचा वेग २० अंश तापमानाला सेकंदाला ३४३ मीटर असतो. त्याला दहा फुटांच्या दुपटीने, म्हणजे सुमारे ६.१ मीटरने भागलं की ५६ हर्ट्झ येतात. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दहा फूट असल्या, तर तिन्ही दिशांचा घुमणारा सूर एकच होतो. त्याच्या दुप्पट ११२ आणि तिप्पट १६९ हर्ट्झवरही तीच गर्दी होते. खोली बारा बाय दहा असती, तर लांबीचा सूर ४७ हर्ट्झला गेला असता आणि गर्दी थोडी पांगली असती. १९६५ साली सेपमेयर यांनी सुचवलेल्या प्रमाणांपैकी एक १ : १.१४ : १.३९ असं आहे. दहा फूट उंचीला ते सुमारे साडेअकरा फूट रुंदी आणि चौदा फूट लांबी होतं. ज्याचं बांधकाम अजून व्हायचं आहे, त्याने गवंड्याशी बोलण्याआधी हे आकडे पाहावेत.

या आकड्यांना आपल्या संगीताशी जोडून पाहिलं की त्यांचं गांभीर्य कळतं. पुरुष गायकाचा षड्ज काळी एक असेल, तर तो सुमारे १३९ हर्ट्झ असतो आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९च्या आसपास बोलते. त्या षड्जाखालचा मंद्र कोमल धैवत ११० हर्ट्झला येतो, म्हणजे दहा फुटी खोलीच्या दुसऱ्या घुमणाऱ्या सुराला अगदी खेटून. खोलीच्या मधोमध बसून मिक्स करणाऱ्याला हा धैवत फुगलेला ऐकू येतो. तो बिचारा तिथलं वजन कापतो. रेकॉर्डिंग घरी किंवा गाडीत वाजतं, तेव्हा गायकाचा मंद्र पोकळ लागतो. उलट, त्याच मधोमधच्या जागी ५६ हर्ट्झच्या आसपासचे सूर जवळजवळ नाहीसे होतात. विजेची घरघर ५० हर्ट्झची असते आणि ती तिथे दबते. खुर्चीवर बसलेल्याला रेकॉर्डिंग स्वच्छ वाटतं, पण चांगल्या स्पीकरवर ऐकणाऱ्याला सबंध मुलाखतभर गुणगुण ऐकू येते. दोष मायक्रोफोनचा नसतो, गायकाचाही नसतो. खुर्ची चुकीच्या जागी असते.

म्हणून पहिला नियम असा की खोलीच्या मधोमध बसू नये आणि मागच्या भिंतीला टेकूनही बसू नये. भिंतीलगत सगळे खालचे सूर फुगतात. समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या सुमारे ३८ टक्क्यांवर डोकं ठेवणं, ही सुरुवातीची चांगली जागा मानली जाते. दहा फुटी खोलीत ती पावणेचार फुटांवर येते. तिथून पुढेमागे सहा-सहा इंच सरकून, ४० ते २०० हर्ट्झपर्यंतचे सूर एकेक करून वाजवून ऐकावं आणि ज्या जागी चढउतार कमी वाटेल तिथे फरशीवर चिकटपट्टी लावावी. ३८ टक्के हा आरंभ आहे, निकाल कानाने आणि मोजणीने द्यायचा.

दुसरा नियम समोरच्या भिंतीचा. स्पीकर खालचे सूर फक्त पुढे टाकत नाही, ते चारी बाजूंना पसरतात. मागे गेलेली लाट भिंतीवर आपटून परत येते आणि पुढे जाणाऱ्या लाटेत मिसळते. भिंतीपर्यंतचं अंतर ज्या सुराच्या लांबीच्या पावपट असेल, तो सूर या मिसळण्यात कापला जातो. स्पीकरचं तोंड भिंतीपासून दोन फुटांवर ठेवलं, तर हा काप सुमारे १४० हर्ट्झला पडतो, म्हणजे नेमका काळी एकच्या षड्जावर. ज्या सुरावर अख्खं भजन उभं असतं, तोच सूर खुर्चीत दुबळा लागतो. स्पीकर भिंतीकडे सरकवून तोंड एक फुटावर आणलं, तर काप २८० हर्ट्झच्या पुढे जातो. तिथे चार इंच जाड रॉकवूलची चौकट स्पीकरमागे लावून त्याला आवर घालता येतो. भिंतीजवळ आल्याने खालचे सूर थोडे फुगतात, पण बहुतेक मॉनिटरच्या पाठीला ते कमी करण्याचा स्विच असतो. फुगवटा कमी करता येतो, पडलेला खड्डा भरता येत नाही. लहान खोलीतल्या जवळजवळ प्रत्येक निवडीला हे तत्त्व लागू पडतं. स्पीकरच्या मागे हवेचं छिद्र असेल, तर त्याला मोकळा श्वास घेण्यापुरती काही इंच जागा मात्र सोडावी.

दहा बाय दहामध्ये याची मांडणी कशी येते ते पाहा. डोकं समोरच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर. स्पीकरची तोंडं भिंतीपासून फूटभर. दोन स्पीकरमध्ये सुमारे सव्वातीन फूट आणि प्रत्येक स्पीकरपासून डोक्यापर्यंत तेवढंच अंतर, म्हणजे समभुज त्रिकोण. स्पीकर बाजूच्या भिंतींपासून सारख्या अंतरावर, टेपने मोजून, अर्ध्या इंचाच्या हिशेबाने. डावीकडे कपाट आणि उजवीकडे उघडी खिडकी असली, तर गायक मध्यावर उभा राहत नाही, एका बाजूला झुकतो. ट्वीटर कानाच्या उंचीला, म्हणजे बसलेल्या माणसाला जमिनीपासून सुमारे चार फुटांवर. टेबलावर स्पीकर थेट ठेवला तर टेबलही वाजायला लागतं. म्हणून स्टँड वेगळा असावा, नाहीतर स्पीकरखाली घट्ट फोमचा तुकडा असावा. शेवटी एका पुरुषाचं साधं निवेदन दोन्ही स्पीकरवर सारखं वाजवावं. आवाज बरोबर मधोमध, नाकासमोर उभा राहिला पाहिजे. तो विरघळून दोन्ही बाजूंना पसरत असेल, तर एखाद्या वायरची जोडणी उलटी झालेली असते.

वरच्या सुरांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो तुलनेने सोपा आहे. सिमेंटचा गिलावा, फरशी, काच आणि स्लॅब आवाज जवळजवळ पूर्ण परत फेकतात. रिकाम्या दहा बाय दहा खोलीत टाळी वाजवली की भिंतींमधून चर्रर्र असा फडफडाट येतो. गणिताने अशा रिकाम्या खोलीत आवाज विरायला दोन सेकंदांहून जास्त लागतात. एवढ्या आकाराच्या ऐकण्याच्या खोलीत तो काळ सुमारे ०.१६ सेकंद असावा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीच्या सूत्रातून निघतं. मराठी बोलण्यावर या फडफडाटाचा थेट परिणाम होतो. ण आणि न, ळ आणि ल यांच्यातला भेद कळायला २००० ते ३००० हर्ट्झच्या आसपासच्या खुणा फार उपयोगी पडतात. स आणि श त्याहून वर असतात. खोलीने हा पट्टा चिवडला, तर निवेदकाचे उच्चार अस्पष्ट आहेत की खोली अस्पष्ट आहे हे कळत नाही. इंदापूरकडच्या बोलीचा हेल, आजीबाईंच्या दात पडलेल्या तोंडातला च, हे सगळं जसंच्या तसं ऐकू आलं तरच त्याचा मान राखता येतो. नाहीतर आपण त्याला ‘सुधारायला’ जातो आणि माणूस पुसून टाकतो.

या शास्त्राची सुरुवातच एका वाईट खोलीपासून झाली. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात बोललेलं कळेना, म्हणून वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाला ते दुरुस्त करायला सांगितलं. रात्री सगळीकडे सामसूम झाल्यावर तो जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा आणि आवाज किती वेळात विरतो ते मोजायचा. गाद्या वाढतील तसा काळ घटत गेला, आणि त्यातून आजही वापरात असलेलं सूत्र निघालं. आपल्या घरातही गाद्या, गोधड्या, घोंगड्या आहेत. जाड पडदा आणि भिंतीपासून थोडी सोडून टांगलेली दुहेरी घोंगडी वरच्या आणि मधल्या सुरांना नक्की शांत करते. कुठे टांगायची, ते आरसा सांगतो. आपण खुर्चीत बसावं, दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यावा. ज्या जागी आरशात स्पीकर दिसेल, तिथून पहिलं परावर्तन कानात येतं. दोन्ही भिंती, छत आणि टेबल यांवरच्या या जागा आधी झाकाव्यात.

अंड्यांच्या ट्रेविषयी आणि एक इंची फोमविषयी स्पष्ट लिहिणं आवश्यक आहे, कारण गावोगावी त्यांच्यावर पैसा आणि श्रम खर्च होतात. हे दोन्ही फक्त वरच्या सुरांना थोडं खातात. खालच्या सुरांना त्यांचा पत्ताही लागत नाही. सगळ्या भिंतींवर पातळ फोम चिकटवला की खोलीतली वरच्या सुरांची चकाकी मरते आणि घुमणारा धैवत तसाच राहतो. मग मिक्स करणारा चकाकी वाढवतो, आणि टाळ कानात टोचू लागतात. १०० हर्ट्झच्या सुराची पावलांबी जवळपास तीन फूट आहे. त्याला अडवायला जाडी लागते. कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत उभे केलेले रॉकवूलचे जाड बेस ट्रॅप आणि मागच्या भिंतीला फूटभर जाडीचा थर, हा घन खोलीवरचा खरा उपाय आहे. रॉकवूलला दाट विणीच्या कापडाने पूर्ण मढवावं, त्याचे तंतू श्वासात जाऊ नयेत. पीओपीचं हलकं छत घालून खोलीची उंची कमी झाली, असंही समजू नये. खालचे सूर त्यातून बऱ्यापैकी आरपार जातात. याच कारणाने पत्र्याच्या खोलीत घुमणं कमी असतं, पण पावसाळ्यात आणि रस्त्याच्या गोंगाटात तिचा उपयोग नाही.

आतला आवाज निवळणं आणि बाहेरचा आवाज अडवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि त्यांची गल्लत फार होते. गळीत हंगामात रात्रभर उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगरच्या वाटेने जात असतात. त्यांचा दणदणाट फोमने किंवा गोधडीने थांबत नाही. त्याला वजनदार भिंत, जाड दार आणि फटी बुजवलेली खिडकी लागते. नऊ इंची विटेची भिंत आपल्याकडे असते, हे मोठं भाग्य आहे. गळती बहुधा दाराखालच्या फटीतून आणि खिडकीच्या सरकत्या काचेतून होते. ते जमलं नाही, तर संपादनाची वेळ बदलावी. तोही उपायच आहे.

हवामान आणि वीज यांनाही या पुस्तकात जागा दिली आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. ४० अंशांना ध्वनीचा वेग सेकंदाला ३५५ मीटर होतो आणि दहा फुटी खोलीचा सूर ५६वरून ५८ हर्ट्झवर चढतो. थंडीत घेतलेलं मोजमाप मे महिन्यात पुन्हा तपासावं, ते यासाठी. अर्थिंगचा तर उल्लेख करायलाच हवा. उन्हाळ्यात माती वाळली की अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि स्पीकरमध्ये गुणगुण शिरते. त्या खड्ड्यात पाणी घालणं हेही ध्वनिमुद्रणाचंच काम समजावं, आणि तारेला हात लावण्याआधी जाणत्या वायरमनला बोलवावं.

मोजणीसाठी आज मोफत सॉफ्टवेअर मिळतं. रूम ईक्यू विझार्ड त्यांपैकी सर्वांत परिचित आहे. एक साधा मोजणीचा मायक्रोफोन मित्रांमध्ये मिळून घेतला, तरी पाच-दहा खोल्यांचं काम होतं. आलेख पाहून घाबरू नये. लहान खोलीत १० ते १५ डेसिबलचे चढउतार सर्रास दिसतात. प्रत्येक शिखर आणि दरी ईक्यूने सपाट करण्याच्या मोहात मात्र पडू नये. शिखर थोडं खाली आणता येतं. दरी भरायला गेलं, की स्पीकरची शक्ती वाया जाते आणि दुसऱ्या जागी सूर फुगतो. आधी खुर्ची, मग स्पीकरची जागा, मग जाड थर आणि सर्वांत शेवटी ईक्यू, हा क्रम या पुस्तकातल्या प्रकरणांचाही क्रम आहे. हेडफोन सोबत असावा. खोलीचे खालचे सूर भरवशाचे नसतात, तिथे तो दुसरा साक्षीदार ठरतो, आणि वायरिंगची गुणगुण तो लगेच पकडतो.

किती मोठ्याने ऐकावं, यावर एक पूर्ण प्रकरण आहे. फ्लेचर आणि मुन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिलं की हळू आवाजात माणसाच्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, आणि आवाज वाढला की ते वेगाने वर येतात. सकाळी हळू आणि संध्याकाळी मोठ्याने ऐकणाऱ्या माणसाचे दोन निर्णय एकमेकांशी जुळत नाहीत. अमेरिकेतल्या दूरचित्रवाणीच्या शिफारशींत दीड हजार घनफुटांहून लहान खोलीसाठी ७६ डेसिबल ही पातळी दिली आहे. आपली दहा बाय दहा खोली एक हजार घनफुटांची आहे. नॉबवर त्या पातळीची खूण करून ठेवावी आणि मुख्य काम तिथेच करावं. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींसमोर काम करणाऱ्या साउंडवाल्या मुलांना माझी कळकळीची विनंती आहे की कान परत मिळत नाहीत. त्या कामानंतर किमान एक रात्र झोप झाल्याशिवाय मिक्सिंगला बसू नये.

स्पीकर कोणता घ्यावा, हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. घन खोलीत आठ इंची वूफर घुमणाऱ्या सुरांना अधिक चाळवतो. पाच इंची वूफरचा प्रामाणिक मॉनिटर अशा खोलीला पुरतो, आणि नभोवाणीच्या बोलण्याला तर भरपूर होतो. नव्या स्पीकरची कानाला सवय होईपर्यंत त्यावर आपल्या ओळखीच्या गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकाव्यात: एका स्त्रीचं निवेदन, एका पुरुषाचं निवेदन, पखवाजासोबतचा अभंग, संबळ, आणि जमलं तर जात्यावरची ओवी. ओवी ऐकताना दगडाची घरघर शब्दांच्या खाली सलग राहते का, की कुठे फुगते आणि कुठे गायब होते, हे पाहावं. मॉनिटर आणि खोली दोघांचीही परीक्षा त्यात होते.

हे पुस्तक ज्यांच्यासाठी लिहिलं, त्यांतल्या अनेकांनी ध्वनिशास्त्राचं महाविद्यालय पाहिलेलं नाही. त्याची गरजही नाही. बेरीज-भागाकार, टेप, आरसा, मोबाइल आणि धीर एवढं पुरेसं आहे. वाचकाने पुस्तक वाचून बाजूला ठेवू नये. एकेक प्रकरण खोलीत उभं राहून करून पाहावं, अंतरं आणि तारखा वहीत लिहाव्यात, आणि आपली वही शेजारच्या गावच्या मित्राला दाखवावी. सणसरची एक खोली आणि निमगावची एक खोली यांच्या नोंदी शेजारी ठेवल्या, की कुठल्याही पुस्तकात नसलेलं ज्ञान आपल्या भागात साचत जाईल.

आपल्याकडच्या माणसांनी विश्वासाने मायक्रोफोनसमोर बसावं आणि त्यांचा आवाज जसा आहे तसा लोकांपर्यंत जावा, ही जबाबदारी रेकॉर्डिंग करणाऱ्याची आहे. पाण्याच्या पाळीवर बोलणारा शेतकरी किंवा अभंग म्हणणारी आजी आपला आवाज पुन्हा तपासायला स्टुडिओत येणार नाही. ते काम त्यांनी आपल्यावर सोपवलेलं असतं. दोन स्पीकर आणि एक खुर्ची नेमक्या जागी असणं ही त्या जबाबदारीची पहिली अट आहे, आणि ती आजच, आहे त्या खोलीत, आहे त्या सामानात पूर्ण करता येते.